शेवट चिकटवलेली कादंबरी

या जगात बिनचूक अशी एकच गोष्ट निर्माण झाली आणि ती म्हणजे माझी धाकटी आत्या, असं आमच्या आतोबांचं ठाम मत. बाकी ब्रह्मदेवाच्या सगळ्या कामात त्यांनी जन्मभर खोट काढली. रेल्वेचे पूल तपासण्यात त्यांची हयात गेली. लखनौत निवृत्त झाल्यावर तपासायला पूल उरले नाहीत, म्हणून त्यांनी उरलेलं जग तपासायला घेतलं. कुठलीही वस्तू समोर आली की ते आधी बोटाच्या पेराने ठोकून बघतात. कलिंगड ठोकणारी माणसं आपण पाहिलेली असतात, पण आतोबा कपबशी ठोकतात. आमच्या गोमती नगरच्या फ्लॅटच्या भिंती त्यांनी वास्तुशांतीला, गुरुजींचे मंत्र चालू असताना, एका टोकापासून ठोकत नेल्या. माझे सासरे पहिल्याच भेटीत पाठदुखीचं बोलले, तर आतोबांनी "बघू," म्हणून त्यांचा मणकासुद्धा ठोकला. ई-रिक्षात बसण्याआधी ते वाकून चाकांचे नट बघतात. "बैठिए न चाचा, सब टाइट है," असं रिक्षावाला काकुळतीला येऊन म्हणेपर्यंत आधीच बसलेली सवारी उतरून दुसऱ्या रिक्षात गेलेली असते.

पुस्तकांनाही त्यांनी सोडलं नाही. आम्हा आठ-दहा मराठी घरांचं एक वाचक मंडळ आहे. पुण्याहून पुस्तकाची एकच प्रत मागवायची आणि ती घरोघरी फिरवायची, एका घरी आठ दिवस. प्रत्येक पुस्तकाच्या मागे आतोबा रेघा मारलेला कागद चिकटवतात. नाव, मिळाल्याची तारीख, पुढे दिल्याची तारीख आणि शेरा. त्यांची पाळी नेहमी शेवटची, कारण त्यांना पुस्तकाबरोबर आमचे शेरेही तपासायचे असतात. एका रहस्यकथेवर त्यांनी लिहिलं होतं, "पान ९२ वर खिडकीला गज आहेत, पान १४० वर खुनी त्याच खिडकीतून पळतो. दुरुस्ती आवश्यक." एका प्रेमकवितांच्या संग्रहावर नुसतंच, "भार सहन होत नाही."

गेल्या थंडीत मंडळात ती कादंबरी आली. जगातला पाऊस कायमचा थांबलाय, शहरं ओस पडलीत आणि सात माणसं एका कोरड्या धरणाच्या तळाशी ओल शोधत राहतायत, एवढीच गोष्ट. पण तिने आमच्या मंडळात भांडणं लावली. निशातगंजच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, त्यांनी पुस्तक संपल्यावर घरातल्या सगळ्या बादल्या आणि पातेली भरून ठेवली आणि शेरा लिहिला, "लेखकाच्या घरी लहान मूल नसावं." बख्शी का तालाबहून स्कूटरवर येणारे एअरफोर्सचे सार्जंट म्हणाले, "सातात एक जरी शिस्तीचा माणूस असता ना, तर सगळे वाचले असते." कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीने ती दोन दिवसांत संपवली. "बाबा, क्या लिखा है यार! कहीं झूठ नहीं बोला," म्हणाली आणि त्या दिवशी जेवली नाही. मी साठाव्या पानावर घाबरून पुस्तक मिटलं आणि "उत्तम" असा शेरा देऊन पुढे पाठवलं.

पुस्तक आतोबांकडे पोचलं त्याच आठवड्यात आत्याचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आतोबांना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "दो-तीन महीने मानकर चलिए." आतोबांनी घरी जाऊन आत्याला सांगितलं, "सूज आहे, उतरेल." रिपोर्ट त्यांनी लपवला. दोन दिवसांनी मी गेलो, तर स्वयंपाकघरात ओट्यावर ती कादंबरी पसरून ते शेवटच्या प्रकरणाच्या पानांच्या कडांना गोंद लावत होते.

"तिला नको वाचायला," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "बांधणीत दोष आहे म्हणून सांगीन."

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना फोन केले. आत्याने विचारलं तर शेवट चांगला आहे म्हणून सांगा. पण जन्मभर प्रत्येक कामाआधी नकाशा मागणाऱ्या या माणसाने चांगला म्हणजे नेमका कोणता, ते कुणालाच सांगितलं नाही.

त्या रविवारी आम्ही सगळे आत्याला बघायला गेलो. ती उशीला टेकून बसली होती, हात अगदी काडी झाले होते. "पानं चिकटलीत हो, शेवटी काय होतं?" तिने एकेकाला जवळ बोलावून विचारलं. बाई म्हणाल्या, पाऊस येतो. सार्जंट म्हणाले, हेलिकॉप्टर येतं. मी म्हणालो, झरा लागतो. मला खरा शेवट ठाऊकच नव्हता, त्यामुळे खोटं बोलणं फार सोपं गेलं. मुलगी "आजी, मैं नहीं बताऊँगी," म्हणाली आणि गॅलरीत निघून गेली.

आत्याने आतोबांना हाक मारली. "अहो, पाऊस आला, हेलिकॉप्टर आलं, झरासुद्धा लागला. मग सातही जण मेले कसे?"

आतोबांनी पुस्तक हातात घेऊन पुठ्ठ्यावर पेराने एकदा ठोकलं.

"पुस्तक आलं त्याच दिवशी शेवटचं पान वाचलंय मी. नेहमी आधी तेच वाचते. पंचेचाळीस वर्षांत तुमच्या लक्षात नाही आलं?" मग म्हणाली, "रिपोर्टचंही शेवटचंच पान वाचलं. तुमच्या स्वेटरांखाली होता."

आतोबा तिच्या पायाशी बसले. आत्यानेच त्यांना पाणी उकळायला पाठवलं. किटलीच्या वाफेवर त्यांनी पानं एकेक करून सोडवली आणि तिच्याजवळ बसून ते प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या दोघी एकमेकींचा हात धरून एकाच सकाळी जातात आणि धरणाच्या तळाशी नुसतं ऊन उरतं. आम्ही कुणी कुणाकडे बघत नव्हतो.

"मला नाही एवढा वाईट वाटत हा शेवट," आत्या म्हणाली. "सगळेच गेले. एकटं असं कुणी मागे राहिलं नाही." आणि मग आतोबांकडे बघून ती पहिल्यांदा रडली.

आत्या होळीनंतर गेली. त्या पुस्तकाचं पुढे काय झालं, ते मंडळात कुणी विचारलं नाही. मी दर रविवारी आतोबांकडे जातो. ते आता कशात काही चूक काढत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला ते सोसत नाही. मागच्या रविवारी मी जिना चढून दाराशी पोचलो, तर आतून त्यांचा आवाज आला, "अगं, दोडके आणले होते, पण भैयाने जून दिले. दुधी करू का?" मग ते थांबले. उत्तर यायला जेवढा वेळ लागावा तेवढेच थांबले आणि म्हणाले, "बरं, दुधी करतो."

मी बेल वाजवली नाही. पायऱ्यांवर बसून राहिलो, त्यांचं बोलणं संपायची वाट बघत.