रांगेतून मिळालेला जोगवा

नातवंडांनो, परवा तुमच्यातल्या धाकटीनं फोनवर सांगितलं, की ती तिकडे दर शनिवारी दानात आलेलं अन्न वाटायला जाते आणि रांगेतली काही माणसं मान वर करत नाहीत, ते तिला बघवत नाही. मी नुसतं हं म्हटलं. त्या खाली गेलेल्या मानेबद्दल मला थोडं माहीत आहे, पण ते बोलून सांगणं मला जमत नाही. म्हणून लिहिते आहे.

बहात्तरच्या दुष्काळात पिंपळगाव रेणुकाईला देवळात धान्य गोळा होत असे. ज्या गावांच्या विहिरींना पाणी टिकलं होतं तिथून बैलगाडीनं ज्वारी यायची, जालन्याच्या मोंढ्यातले व्यापारी पोती पाठवायचे. आम्ही बायका सगळं मंडपात ओतून चाळायचो, खडे निवडायचो, एकत्र करायचो. मंगळवारी वाटप. मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकलेली, नीटनेटकी, म्हणून माप माझ्या हाती होतं.

देवीवर माझा विश्वास बेताचाच होता. सासूबाई होत्या तोवर मंगळवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायच्या. रेणुकेच्या नावानं खात्यापित्या घरची बाईही मागते, ही इकडची रीत. मला मात्र ती भीकच वाटे. त्यांच्यामागे ती वेताची परडी मी खुंटीला टांगली, ती तिथंच राहिली.

आमच्या घरातली ज्वारी देवळाला दिलेल्या पहिल्याच गाडीत गेली होती. पुढे आमचीही विहीर आटली. तुमचे आजोबा गुरं घेऊन लांबच्या छावणीत होते. एका मंगळवारी तुमच्या बाबाला गूळपाणी पाजून, शेजारणीकडे ठेवून मी देवळात आले. समोर ज्वारीचा ढीग होता, आणि माझ्या घरात दाणा नव्हता. ज्या रांगेला मी माप घालत होते तिच्यात उभं राहण्याची मला लाज वाटत होती. पोर भुकेलं असताना वाटलेल्या त्या लाजेची आज त्याहून जास्त लाज वाटते.

रांगेत कुणाच्या ओळखीची नसलेली एक म्हातारी होती. माप घेतल्यावर तिनं परडी पुढे केली. "आता तुमच्या घरचा मूठभर जोगवा घाला, बाई."

"हे घ्या की अजून," मी ढिगाकडे हात केला.

"हे तर गावोगावचं हाय. तुमच्या घरचं मागून राह्यले."

मी ढिगाकडचा हात मागं घेतला. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "न्हाई का? बराबर. मोठ्या घरची भूक बी पडद्यात राहती काय, बाई?" मागं कुणीतरी हसलं. तीही हसली, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मंग मागा. आपन आईच्या दारात हाव. हितं मागनारीला कुनी नावं ठेवत न्हाई."

मी पदर पसरला आणि जन्मात पहिल्यांदा "आई, जोगवा" म्हणाले. म्हातारीनं आपल्यातली मूठ माझ्या पदरात घातली. आधी माप घेऊन थांबलेल्या एकीनं घातली, तिच्या शेजारचीनं घातली. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या त्या बायका. मी मान वर केली तेव्हा म्हातारी गेलेली होती. पुढच्या मंगळवारी मी तिची वाट पाहिली. ती आली नाही, कुणाला ठाऊकही नव्हती. ती कोण, हे मी कधी ठरवायला गेले नाही.

त्या संध्याकाळी तुमचा बाबा भाकरी खाऊन झोपला. मी खुंटीवरची परडी काढून पुसली. विश्वास म्हणजे हात जोडणं असं मी समजत होते. त्या दिवशी कळलं, की आधी ते पसरावे लागतात, आणि तेच माझ्याच्यानं होत नव्हतं. आईनं ते करवून घेतलं. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

धाकटे, तुझ्या रांगेतल्या माणसांकडे कधीतरी काहीतरी माग. घोटभर चहा चालेल.

देवळात मंगळवारी अजून धान्य वाटतात. माप घालणारी बाई पहिलं माप देऊन त्यातला मूठभर जोगवा रांगेतून मागून घेते, मगच पुढच्या मापाला हात लावते. सासूबाईंची परडी माझ्याकडे आहे.