विनूमामाच्या मळ्यावरची मीटिंग

विनूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, रेडमंडच्या ऑफिसात होते. ऑरेगनच्या डोंगरातल्या मळ्यावरून विलो बोलत होती, मामाबरोबर तरुणपणापासून तिथेच राहिलेली. "शांतपणे गेला. आम्ही सगळे जवळ होतो," एवढंच म्हणाली. रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. खरं तेच लिहिते आहे. कारण पुण्यात माझ्या आईला कित्येक वर्षं एकच धास्ती होती : विनूदादा परमुलखात बेवारशासारखा जाणार.

विनूमामा आईचा थोरला भाऊ. इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत आला आणि वर्षभरात कॉलेज सोडून हिप्प्यांत जाऊन राहिला. आजोबांनी त्याचं नाव टाकलं. लहानपणी आम्ही त्याच्याबद्दल दोनच गोष्टी ऐकल्या : 'काय हुशार होता हो' आणि 'गांजेकस मेला'. मला इथे नोकरी लागली तेव्हा आई हळूच म्हणाली, "एकदा जाऊन बघून ये गं. धड जेवतो का, तेवढं बघ."

गेले. डोक्यात फुलाफुलांचे शर्ट आणि गिटार. समोर आला तो चष्मेवाला, गुडघ्यांनी बेजार झालेला म्हातारा, हातात पाण्याच्या पंपाचा वॉशर. "आलीस? हा पाना धर जरा," हे मामाचं मला उद्देशून पहिलं वाक्य! गांजा केव्हाच सुटला होता, फडताळात रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. आईबापांची घरं सोडून आलेली ती पोरं आता सत्तरी ओलांडून आळीपाळीने एकमेकांना आंघोळ घालत होती, डॉक्टरकडे नेत होती. "मामा, तुमच्या क्रांतीचं काय झालं?" मी चिडवलं. "अर्धी बाजाराने योगा मॅटबरोबर विकली," तो म्हणाला, "उरलेली इथे भांडी कोण घासणार म्हणून भांडतेय." हे सगळं मी आईला सांगितलं, पण तिला पटेना. "हिप्पी कधी कुणाचे होतात का?" तिचं आपलं ठरलेलं.

त्या भांडणाची पद्धत मात्र मी स्वतः पाहिली. मळ्यावर बहुमत चालत नाही. सगळे गोल करून बसतात, प्रत्येक जण बोलतो, होकार असेल तर हात वर करतो, आणि एकाने जरी 'नाही' म्हटलं तर काम तिथेच थांबतं. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार कुठल्या बाजूला करायचं यावर त्यांनी अख्खी दुपार घालवली. मी कपाळाला हात लावला. ऑफिसात मीटिंग जरा लांबली की माझं डोकं फिरतं! "अरे, व्होटिंग करून टाका ना यार!" मामा हसला. "व्होटिंगमध्ये कुणीतरी हरतं गं. हरलेला मग निघून जातो. मी एकदा निघालोय ना घरातून..."

तर फोन आल्यावर मी पावसातच ड्राइव्ह करत पोचले. तिथे सफरचंदाच्या झाडांपाशी खड्डा खणायला सुरुवातही झाली होती. मामाचीच तशी इच्छा होती, रीतसर परवानगीही होती. पुण्यात आईलाही विचारायला हवं, हे मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आई फोनवर किंचाळली, "पुरणार? माझ्या भावाला?" आता भांडावं लागणार म्हणून मी कंबर कसूनच विलोकडे गेले. तिने एवढंच विचारलं, "ती नाही म्हणतेय का?" मी हो म्हटलं. विलोने हाक मारली आणि सगळ्यांनी फावडी खाली ठेवली. "त्याची बहीण आहे ती. तिला आत घ्यायला हवं."

खुर्चीवर फोन ठेवून सगळे भोवती बसले. होकार असला की हात वर करायचा, हे मी आईला सांगितलं. एकेक जण आईशी बोलत होता, मी मराठीत सांगत होते. मामा रविवारी सगळ्यांना पोहे करून घालायचा आणि कोथिंबीर नसली की दिवसभर तोंड पाडून बसायचा, हे ऐकून आई रडता रडता हसली. मग तिने विचारलं, "शेवटचं पाणी कुणी पाजलं?" विलो म्हणाली, "मी. चमच्याने." आई बराच वेळ रडत राहिली... कुणी घाई केली नाही, कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्या पद्धतीला मी किती हसले होते! शेवटी आईने नाक पुसलं. "राहू दे त्याला तिथेच. माझा हात वर आहे म्हणून सांग त्यांना." इतक्या वर्षांत तिचा आवाज मी असा मोकळा ऐकला नव्हता.

याला आता काही आठवडे झाले. आई दर रविवारी रात्रीचं जेवण उरकून व्हिडिओवर मळ्याच्या मीटिंगला बसते, मी मधे दुभाषी. परवा ठराव आला : मामाची खोली शनिवार-रविवार 'डिजिटल डिटॉक्स'साठी येणाऱ्या आयटीवाल्यांना भाड्याने द्यावी. मला तर बरं वाटलं असतं, माझीही अधूनमधून येऊन राहायची सोय झाली असती. आईने सगळं ऐकून घेतलं आणि माझी वाट न बघता इंग्रजीत ठणकावलं, "नो." ठराव थांबला. मग खोलीचं काय करायचं, विलोने विचारलं.

"घरच्यांनी टाकलेलं कुणी आलं," आई म्हणाली, "तर त्याला द्या."

मी इंग्रजीत सांगितलं. एकेक करत सगळे हात वर गेले. शेवटचा माझा.