डोळे मिटून बोलणारे मास्तर

आमचे व्याही मास्तर, म्हणजे माझ्या रूथचे सासरे, जन्मात कुणाला तोंडावर वाईट बोलले नाहीत. डोळे उघडे असले की माणूस एकदम लोणी. पण संध्याकाळची कुटुंब उपासना सुरू झाली आणि मास्तरांनी डोळे मिटले, की ज्याला जे सुनवायचं असेल ते सगळं देवाच्या कानावर घालायचे. मोठ्यानं, सगळ्या घरासमोर.

सोयरीक झाल्यावर मी लासूर स्टेशनहून पहिल्यांदा मुकुंदवाडीला त्यांच्या घरी मुक्कामाला आलो, तेव्हाची गोष्ट. मी गवंडी माणूस, गालात तंबाखू असायचीच. जेवणाआधी प्रार्थना सुरू झाली. "हे स्वर्गीय पित्या, आमचे व्याही एवढ्या लांबून आले, तुझे आभार. त्यांच्या उजव्या गालात काय आहे ते तुझ्यापासून लपलेलं नाही. ते बाहेर जाऊन टाकायचं बळ तूच त्यांना दे."

आता चालू प्रार्थनेतून उठायचं कसं? आणि उठलो तर त्यांचं खरं झालं. मी गिळली. आमेन म्हटलं ते उचकीसकट. त्या दिवशी रूथच्या सासरचं कालवण कसं लागलं ते मला अजूनही सांगता यायचं नाही.

या बोलण्यात मोठी सोय होती ती मास्तरांची. प्रार्थना चालू असताना उलट बोलता येत नाही, आणि शेवटी आमेन म्हणावंच लागतं. म्हणजे आपल्याच खरडपट्टीवर आपलीच सही. कुणी चपला दारात आडव्या टाकल्या, कुणी शास्त्र वाचताना मोबाईल पाहिला, कुणी सुनेला उलट बोललं, सगळ्यांचा निकाल संध्याकाळी लागायचा. शेजारी गाद्या शिवणारे चाचा राहायचे. भिंत एकच, सगळं ऐकू जायचं. सकाळी दारातून मास्तरांना विचारायचे, "क्यों मास्टर, कल किसकी पेशी थी?"

माझी बायको वारल्यावर मी त्यांच्याच मागच्या गल्लीत खोली घेऊन राहिलो. रोज संध्याकाळी उपासनेला जायचो. मीही कच्चा नव्हतो. एकदा मास्तरांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. मी म्हणालो, "प्रभु, आमचे व्याही लई लांबण लावतात. तुला कंटाळा येत असंल, तरी तू बोलत नाहीस. तुझी सहनशीलता मोठी." चाचांच्या भिंतीपलीकडून हसू ऐकू आलं. मास्तरांनी तेव्हा मला चहा दिला. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून देवाला सांगितलं की काही लोक प्रार्थनेत चहाड्या करतात.

त्यांना फक्त एकच माणूस आवरायचं, विहीणबाई. गॅसवर डाळ असायची. कुकरची शिट्टी झाली आणि मास्तर अजून शेजाऱ्यापाजाऱ्यांतच असले, की त्या मधेच ठणकावून "आमेन" म्हणायच्या. मग सगळं घर म्हणायचं. आमेन झालं की प्रार्थना संपली, हा नियम मास्तरांनीच घातलेला. बिचारे अर्ध्या वाक्यात तोंड उघडं ठेवून बसायचे.

जे प्रार्थनेत मावत नसे ते मास्तर लिहायचे. शुक्रवारी त्यांच्या घरी बायबल अभ्यास असायचा, आणि महिन्याला आमच्या चर्चच्या मंडळीच्या याच मासिकात एक लेख. घरात भांडण झालं की रूथ म्हणायची, "झालं, पुढच्या अंकाची सोय झाली." नाव मात्र ते कुणाचं घालत नसत. एका लेखात "एक हट्टी गृहस्थ" आला. त्यानं बांधलेली भिंत वाकडी आहे म्हटल्यावर त्यानं म्हणे खिडकी वाकडी ठरवली. मी अंक घेऊन मास्तरांकडे गेलो.

"हा मी हाये का?"

"व्याही, तो कुणीही असू शकतो."

"कुणीही कसा? हा मीच हाये. मग नाव घाला ना. कष्ट माझे, हट्ट माझा, आन् छापता 'एक गृहस्थ'?"

तो अंक मी लासूरच्या बाजारात चार ठिकाणी दाखवला आणि हा मी म्हणून सांगितलं.

पण असंच एकदा त्यांचं लिहिणं घरात लागलं. त्यांचा मुलगा प्रकाश, माझा जावई, यानं वाळूजच्या कंपनीतली नोकरी सोडली आणि मोटारसायकलींच्या सीट कव्हरचं दुकान टाकलं. मास्तरांना पटलं नाही. तोंडावर काही बोलले नाहीत, पण पुढच्या अंकात बायबलातल्या, बापाचं घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीवर लेख आला आणि त्यात नोकरी सोडणारा एक मुलगा. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या दारात एका म्हाताऱ्यानं प्रकाशच्या पाठीवर हात ठेवला. "बाळा, बापाच्या घरी परत ये."

"मी बापाच्याच घरी राहतो," प्रकाश म्हणाला. "वरच्या खोलीत."

घरी येऊन तो मास्तरांसमोर उभा राहिला. "पप्पा, त्या गोष्टीतल्या बापानं पोराला लांबून बघितलं आणि धावत गेला. तुम्ही पोराला बघितलं आणि छापखान्यात गेलात."

त्या दिवसापासून उपासनेची वेळ झाली की प्रकाश खाली यायचा, चपला घालायचा आणि गाडी काढायचा. रूथ आणि पोरं बसायची, त्याची खुर्ची रिकामी. मास्तर त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायचे, पण ज्याला ऐकवायचं तोच नसला तर डोळे मिटून काय उपयोग? मास्तरांना एकच घोर होता, आपल्यामागं ही उपासना प्रकाशनं चालवावी. तो तर बसायलाही तयार नव्हता.

त्यात मास्तरांच्या हाताला कंप सुटला. पेन धरता येईना. लिहायला मी बसलो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. गुरुजींशी वाजलं म्हणून मी घरी आलो, त्यांनी बोलवायला यायला पाहिजे होतं, ते आलेच नाहीत. माझं अक्षर विटेएवढं. "प्रभु, व्याह्यांचं मन मोठं आहे, तसं अक्षरही आहे. कागद मात्र लहान आहे," असं एका संध्याकाळी देवाला कळवण्यात आलं. मी अक्षर आणखी मोठं केलं.

एक दिवस मास्तर सांगायला लागले. "लिहा. एक बाप होता. त्याने आपल्या मुलाविषयी उतावळेपणाने लिहिले. त्या बापाला आता पश्चात्ताप होत आहे."

मी पेन खाली ठेवलं. "कोणता बाप?"

"एक बाप, व्याही. पुढं लिहा."

"राहतो कुठं? पत्ता सांगा, भेटून येतो."

मास्तर कागद माझ्याकडे सरकवायला लागले.

"मास्तर, हे मी लिहीत नाय. पोरगा वर राहतो, तुम्ही खाली. मधी एक जिना हाये. त्याला छापखाना कशाला पाहिजे?"

"मला समोरासमोर बोलता येत नाही हो," मास्तर म्हणाले. "कधी जमलंच नाही. डोळे मिटले की जमतं." एवढं मात्र ते माझ्याकडे बघून म्हणाले.

मी लिहिलं नाही. त्यांनी रूथला सांगून पाहिलं, तिनं पोळ्या लाटायच्या आहेत म्हणून सांगितलं. विहीणबाईंना सांगून पाहिलं, त्यांना चष्मा सापडेना. चष्मा डोक्यावर होता. त्या महिन्यात मासिकात मास्तरांचा लेख नव्हता. मंडळीत सगळे विचारायला लागले, मास्तर आजारी आहेत का?

मग एका संध्याकाळी आम्ही उपासनेला बसलो. भजन झालं, शास्त्र वाचून झालं. मास्तर म्हणाले, "प्रार्थना करू या." सगळ्यांनी डोळे मिटले. बाहेर प्रकाश गाडीला किक मारत होता आणि गाडी सुरू होत नव्हती. मास्तरांचा आवाज येईना. मी एक डोळा उघडला. माझी ती सवय जुनी आहे. बघतो तर मास्तर टक्क डोळे उघडून दाराकडे बघत होते. ओठ हलत होते.

"प्रकाश," मास्तर म्हणाले. "माझं चुकलं. मी तुझ्याबद्दल तसं लिहायला नको होतं."

आम्हा सगळ्यांना सवय वाईट. मास्तर थांबले की आमेन. सगळं घर एका आवाजात "आमेन" म्हणालं. विहीणबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा. भिंतीपलीकडून चाचाही "आमीन" म्हणाले.

प्रकाश दारात उभा राहिला. हाताला ग्रीस होतं. म्हणाला, "पप्पा, रोज एवढीच प्रार्थना करणार असाल तर बसतो." चपला काढून आत आला आणि आपल्या खुर्चीवर बसला. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना पुन्हा लांब झाली. त्यात दुकानासाठी आशीर्वाद मागितला जाऊ लागला, आणि प्रकाशनं गिऱ्हाइकाला वेळ देऊन ती पाळावी एवढंही.

यंदा मास्तर गेले. कबरस्तानात चर्चच्या पाळकसाहेबांची प्रार्थना झाल्यावर ते प्रकाशला म्हणाले, तू दोन शब्द प्रार्थना कर. प्रकाशनं डोळे मिटले. बापासाठी देवाचे आभार मानले आणि थांबला. आम्ही सगळे विहीणबाईंच्या आमेनची वाट बघत डोळे मिटून उभे. चाचाही टोपी घालून मागं उभे होते. आमेन काही येईना.

"एवढ्यात संपली?" विहीणबाई हळू म्हणाल्या. "आज गॅसवर काही नाही रे. पप्पांसारखी कर."

प्रकाशनं पुन्हा हात जोडले.

"हे स्वर्गीय पित्या," तो म्हणाला, "आमचे मामा, म्हणजे रूथचे वडील, इथं उभे आहेत. त्यांच्या उजव्या गालात काय आहे ते तुझ्यापासून लपलेलं नाही."

मी गिळली आणि सगळ्यांच्या आधी आमेन म्हणालो.