आज पुढच्या घरी नाही

काका आमच्या संस्थेत चौदा वर्षं ड्रायव्हर होते. दवाखान्याने ज्यांच्या आजारापुढे हात टेकले, अशा माणसांच्या घरी जाऊन आम्ही नर्स त्यांचं दुखणं कमी करायचो. काका आम्हाला दिवसाला सहा-सात घरी पोचवायचे. कुठल्या जिन्याला कठडा नाही, कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं, त्यांना सगळं तोंडपाठ.

एका वर्षात तिघी नर्स सोडून गेल्या, पाठोपाठ आमचे प्रमुखही. तेव्हा संस्था उभी करणाऱ्या थोरल्या डॉक्टरबाईंनी काकांना टीम सांभाळायला सांगितलं. सुई बघून मला घाम फुटतो, असं काका म्हणाले. औषधांचं मी बघते, माणसांचं तुम्ही बघा, असं बाईंनी ऐकवलं. घरी काकूंना हसू आवरेना. या माणसाला भाजी निवडायला तासभर लागतो म्हणे.

पहिल्याच सोमवारी काकांनी नियम केला: जिचा पेशंट गेला, तिने त्या दिवशी पुढच्या घरी जायचं नाही. संस्थेचे सेक्रेटरी भडकले. काकांनी गाडीची वही पुढे ठेवली; परत माराव्या लागलेल्या फेऱ्या त्यांनी त्यात कारणासकट टिपल्या होत्या. चुकीच्या घरी गेलेली पिशवी, विसरलेलं औषध, दोनदा दिलेला डोस. बहुतेक सगळं कुणीतरी गेल्यानंतरच्या काही तासांतलं. सेक्रेटरींनी वही चाळून परत दिली, पण पटलं असं काही म्हणाले नाहीत.

टीम सांभाळतानाही गाडी काकाच चालवायचे. पुढे ती वेळ माझ्यावरच आली. एक निवृत्त शिक्षिका माझ्या हातात हात असताना गेल्या. माझ्या आईच्याच वयाच्या. मी खाली येऊन गाडीत बसले.

"चला काका, मी ठीक आहे. पुढचे आजोबा कळवळताहेत."

काकांनी किल्ली फिरवली नाही. "आजोबांकडे कुणीतरी जाईल. तू नाही."

"दुसरं आहे कोण?"

कोणीच नव्हतं. एक रजेवर, बाकीच्या गावाच्या दुसऱ्या टोकाला. काकांनी थेट थोरल्या बाईंना फोन लावला. अडुसष्ट वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या बाई फणकारल्या, पण टॅक्सी करून गेल्या, चार मजले चढल्या. आजोबांना अर्धा तास जास्त कळ सोसावी लागली. संध्याकाळी काकांनी स्वतः जाऊन त्यांची माफी मागितली.

त्या वेळी गाडीत मला मात्र काकांचा संताप आला होता. फोन ठेवून ते म्हणाले, "शिक्षिकाबाईंचं काहीतरी सांग. आजारपणाचं नको."

मी सांगायला लागले. माझ्या औषधांच्या तक्त्यातलं शुद्धलेखन त्या लाल पेनाने सुधारायच्या. तेवढं सांगितलं आणि मग मी कितीतरी वेळ रडत राहिले. काका समोर रस्त्याकडे बघत बसून राहिले.

पुढच्या वर्षी आणखी एकजण सोडून गेलीच. काकांनी तिला अडवलं नाही, सामानासकट घरी सोडून आले. आम्ही पाचजणी टिकलो. प्रत्येक बैठकीत सेक्रेटरी विचारतात, यंदा किती भेटी हुकल्या. काका खरा आकडा सांगतात, आणि नियम तोच राहील म्हणून सांगतात.