मेट्रनबाई आणि न उठलेली पाहुणी

मेट्रनबाईंना गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. तेवढी छाती कुणाची? बत्तीस वर्षं इस्पितळात काढून बाई निवृत्त झाल्या, पण इस्पितळ काही बाईंमधून निवृत्त झालं नाही. नवरा गेल्यावर त्यांनी वरची खोली वेबसाइटवर टाकली, दोन-चार दिवसांच्या मुक्कामासाठी. पाहुणे बिचारे सुट्टीला म्हणून यायचे आणि वॉर्डात भरती व्हायचे. सकाळी आठला दारावर टकटक, पाठोपाठ "झोप लागली ना? पोट साफ?" शेजारीण म्हणायची, "थर्मामीटर तेवढा लावायचा राहिलाय."

अर्थात पाहुणेही काही कमी नव्हते. एकाने बेसिनमध्ये बूट धुतले. एकीने खिडकीसमोरच्या झाडाची तक्रार केली. "पुढच्या वेळी येताना कुऱ्हाड घेऊन या," बाई म्हणाल्या.

असल्या उत्तरांनी लेक मात्र वैतागली होती. शेवटी ती म्हणाली, "आई, आता तीन वाईट अभिप्राय आले की घराला कुलूप, आणि तू माझ्याकडे." बाई रागाच्या भरात "बरं" म्हणून बसल्या. लेकीकडे जाणं म्हणजे जावयाच्या टीव्हीसमोर बसून दिवस मोजणं. पण शब्द तो शब्द.

मग ती पाहुणी आली. एकटीच, पन्नाशीची, बोलायला गोड पण भारी चिवट. चौथ्या दिवशी अकराला खोली सोडायची, तर ही पलंगावर आडवी. "डोकं दुखतंय हो, तासभर पडू द्या."

"अकरा म्हणजे अकरा. एकला पुढचे लोक येतायत."

"उठवतच नाहीये."

बाईंनी वाद घातला नाही. बत्तीस वर्षं रोज करत आल्या तेच केलं. पाहुणीच्या खांद्याखाली एक हात, कमरेखाली एक, तिला अलगद डाव्या कुशीवर वळवलं, अर्धी चादर गुंडाळली. मग उजव्या कुशीवर, आणि चादर बाहेर! रोग्याला न उठवता चादर बदलायची हीच रीत. फक्त पाहुणी रोगी नव्हती. ती बॅग उचलून जिन्याने निघून गेली. वाईट अभिप्रायसुद्धा लिहिला नाही. बाईंना वाटलं, आपण जिंकलो.

एकला आलेल्या जोडप्याने संध्याकाळीच लिहिलं, "पलंगाची भिंतीकडची बाजू गरम असते. कुणीतरी झोपून उठल्यासारखी." पुढच्या आठवड्यात औषधकंपनीचा एक विक्रेता आला. तो दुपारीच बॅग घेऊन खाली उतरला. "बाई, तुमच्या पलंगावर कुणीतरी कूस बदलतं."

"स्प्रिंग असेल."

"स्प्रिंग उसासे टाकते?"

त्यानेही तेच लिहिलं. झाले दोन.

बाई भुताखेतांना भीक घालणाऱ्या नव्हत्या. भर दुपारी वर गेल्या आणि चादर ओढली. येईना. पुन्हा ओढली. मधोमध दाबून धरल्यासारखी घट्ट. मग हातांनीच काय ते ओळखलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, डावीकडे वळवलं, आणि चादर सुटली. हातांवर वजन आलं होतं. पलंगावर कुणी नव्हतं. "बावन्न किलो. तीच ती," बाई पुटपुटल्या.

खाली येऊन त्यांनी पाहुणीला फोन लावला.

"तुम्ही इथून गेलात ना?"

"गेले की. पंधरा दिवस झाले," ती म्हणाली. "पण दुपारी डोळा लागला की तुमच्याच खोलीत असते. आज कोपर जरा जोरात लागलं हं तुमचं."

बाई म्हणाल्या, "मग उठा ना!"

"उठवलंत कुठे तुम्ही? नुसतं वळवलंत."

"या तुम्ही. हवं तितकं पडा, मग सावकाश उठा. मी पाय धरते."

"आता नको," पाहुणी म्हणाली. "इथे घरात चार माणसं आहेत, पण पडले तर कुणी बघत नाही. तिथे निदान चादर तरी बदलतं कुणी."

तिसऱ्या अभिप्रायाला वेळ लागला नसता. बाईंनी रात्र होऊ दिली नाही. खालची स्वतःची झोपायची खोली रिकामी केली, ती पाहुण्यांना दिली, आणि आपलं बिऱ्हाड जिन्याने वर नेलं. लेक येऊन बघून गेली. "छान केलंस आई, खालची खोली हवेशीर आहे," म्हणाली. तेव्हापासून खालचे पाहुणे भांडतात ते फक्त गरम पाण्यावरून. घर राहिलं.

वर बाई पलंगाच्या बाहेरच्या कडेला झोपतात, अंग चोरून. भिंतीकडची बाजू सोडून. शेजारणीला त्यांनी सांगितलंय, पाठीला कडा बरी पडते म्हणून. ती काय विश्वास ठेवते!

परवा संध्याकाळी फोन वाजला. पाहुणीचा होता.

"रागावू नका, एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "दुपारी तुम्ही झोपेत रडत होतात. कुणाला तरी हाका मारत होतात."

मेट्रनबाईंनी जिन्याकडचं दार लोटून घेतलं.

"फार जोरात होतं का?" त्यांनी विचारलं.