मापाच्या वहीतली माणसं

सगळी गल्ली तिला टाचणी म्हणायची. अंगाने तशी, आणि बोलायला त्याहून तशी. आज तिच्याकडे चार मशीनं चालतात. पण धंदा उभा राहिला तो एका चुकीवर, आणि ती चूक सोळाव्या वर्षीच व्हावी अशी होती.

आजोबा शिंपी. ते गेले तेव्हा मागे राहिली रस्त्याकडेची खोली, एक मशीन आणि तीस वर्षांच्या मापांची जाडजूड वही. टाचणीला त्यांनी मांडीशी बसवून शिकवलं होतं. हात तयार होता. गिऱ्हाईक कुठे होतं? 'कपडे शिवून मिळतील' असे शंभर कागद तिने खांबाखांबांवर चिकटवले. निम्मे वाऱ्याने नेले, उरलेल्यांकडे कोणी मान वळवून पाहिलं नाही.

"महिनाअखेरपर्यंत दहा गिऱ्हाइकं आण," काकांनी बजावलं. "नाहीतर मशीन विकतो आणि खोली भाड्याने देतो."

"आणि आणली तर?"

"तर मशीनला तेल मी घालीन, जन्मभर!"

त्या दुपारी तिने वही उघडली. अनोळखी माणसांना हाका मारत बसण्यापेक्षा ओळखीच्यांना घरी जाऊन बोलवावं, हे तिचं तिलाच सुचलं. पानापानावर नाव, पत्ता, आकडे आणि खाली आजोबांचा बारीक अक्षरातला शेरा. 'उजवा खांदा उतरता.' 'माप देताना पोट आत ओढतो, दोन इंच वाढवणे.' वाचता वाचता तिला वाटलं, खोली भरत चालली आहे. एकेक जण आरशापुढे हात पसरून उभा आहे, आणि बोलत कोणीच नाही. क्षणभर तिला वही मिटावीशी वाटली. तरी तिने बासष्ट कार्डं लिहिली: 'तुमचं माप अजून आमच्याकडे आहे. कधीही या.'

काय वाक्य होतं! स्वतःवरच खूश होऊन तिने ती घरोघरी दाराखालून सरकवली. त्या वहीतलं कोण अजून आहे आणि कोण नाही, एवढंच विचारायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या. पायांत नर्सचे पांढरे बूट, हातात कार्ड.

"कुणी लिहिलं हे?"

"मी, काकू. आवडलं?"

"माझ्या मुलाला जाऊन अकरा वर्षं झाली."

टाचणीने वही पुढ्यात ओढली. "चुकलं माझं. ते पान मी आत्ता फाडून टाकते."

"खबरदार!" मग आवाज एकदम खाली आला. "दाखव मला."

छाती चौतीस, गळा चौदा. खाली लिहिलेलं: 'डावी बाही किंचित सैल. घड्याळ मिरवतो.'

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी भिंतीचा आधार घेतला. "मिरवायचाच. बंद पडलेलं घड्याळ होतं गं ते." त्या शेऱ्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "शर्ट शीव एक. याच मापाचा. निळा."

काकांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "वा! जिवंत माणसं मिळेनात, म्हणून आता ही गिऱ्हाइकं?"

"हे मोजायचं की नाही?"

"अंगात घालणारा येईल तेव्हा मोजू."

ज्या घरांतलं माणूस राहिलं नव्हतं, तिथे टाचणी स्वतः जाऊन माफी मागून आली. कुठे शिव्या खाल्ल्या, कुठे पाणी प्यायली. उरलेल्यांपैकी नऊ जण कार्ड घेऊन आले. पोट सुटलेल्या दोघांनी तर जुनंच माप धरून ठेवल्याबद्दल तिची थट्टाही केली.

निळं कापड मात्र तिला भिववत होतं. समोर अंग नाही, तरी कात्री कुणाच्या तरी कडेकडेने चालल्यासारखी चाले. शेवटचं बटण लावून तिने शर्ट हँगरला अडकवला, तेव्हा डावी बाही जराशी हलली. खिडकी बंद होती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाई आल्या. शर्ट छातीशी धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो परत दिला.

"घरी नको. तिथे नेला की रिकामा दिसेल. इथे टांगलेला असला की वाटतं, घ्यायला यायचाय तो."

टाचणीने शर्ट दारातच टांगला. काका पायरीवर बसून होते. "नऊ," ते म्हणाले. आवाजात नेहमीचा कडकपणा नव्हता.

दिवस कलताना बेकरीतला पोरगा सायकलवरून जाता जाता थांबला. मनगटांवर पीठ तसंच. "काय शिवलाय! केवढ्याला?"

"विकायचा नाही. ज्याचा आहे तो यायचाय."

बोलता बोलता तिची नजर रस्त्यावर गेली, आणि आपण खरोखरच वाट बघतोय हे तिला कळलं. पोरग्यानेही वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता.

"मग तो येईपर्यंत माझं माप घे," म्हणत तो आत शिरला.

काका त्याला वाट द्यायला उठले. तो आत गेला तरी ते दार धरून तसेच उभे राहिले, मागून आणखी कुणी येत असावं तसे.