शेवटचा फर्मा

मालिकेचा शेवटचा भाग संपला आणि एक्स-रेवाल्या ताईंनी रिमोट असा आपटला की त्यातले सेल सोफ्याखाली गेले. नवऱ्याने ते मुकाट्याने वाकून काढले. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं नक्की कळलं होतं, की अशा वेळी "अगं, मालिकाच तर आहे" असं म्हणायचं नसतं.

आणि ताईंचा राग काही उगाच नव्हता. ज्या कादंबरीवर ही मालिका काढली होती, ती त्यांच्या घरची कादंबरी. घरात कुणी लिहिली नव्हती, पण ताई नऊ वर्षांच्या असताना आई अंथरुणाला खिळली, तेव्हा बाबा रोज संध्याकाळी तिला तीच वाचून दाखवायचे. बाबा पुस्तकं बांधायचं काम करत. ग्रंथालयाने रद्दीत काढलेली ती प्रत त्यांनी घरी आणून नीट शिवली, हिरवं कापड चढवलं आणि वाचायला घेतली. ताई पलंगाच्या पायथ्याशी बसून ऐकायच्या. जहाजावरचा एक आचारी बायकोला "सहा महिन्यांत येतो" सांगून निघतो आणि अकरा वर्षं त्याचा पत्ताच नाही. शेवटच्या पानावर तो येतो. दाढी पांढरी झालेली, हातात एक पिशवी. दारात उभा राहून एवढंच विचारतो, "जेवायला काही आहे का?" बायको म्हणते, "तुमच्यासाठीच ठेवलंय."

पुस्तक संपलं आणि आठवड्याभरात आई गेली. ती दोन वाक्यं मात्र घरात राहिली. बाबा कामावरून आले की दारातून तेच विचारत, आणि उत्तर द्यायचं काम ताईंकडे आलं. आता बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जावयाच्या घरी मुक्काम करायचा नाही या हट्टापायी चार घरं सोडून एका खोलीत राहतात, पण रोज साडेसातच्या ठोक्याला लेकीकडे जेवायला हजर. दारात प्रश्न तोच.

मालिकेत काय दाखवलं? बायको घराला कुलूप लावते, किल्ली शेजारणीच्या हातात देते आणि चालू लागते. आचारी येतच नाही. प्रश्न नाही, उत्तर नाही, सगळंच साफ. ताईंना वाटलं, कुणीतरी घरात शिरून आईचीच वस्तू उचलून नेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात छातीच्या फोटोसाठी एक लठ्ठ गृहस्थ यंत्रापुढे उभे होते. ताई काचेआडून म्हणाल्या, "श्वास आत घ्या. रोखा." बटण दाबलं, तेवढ्यात रिपोर्ट लिहिणारी तरुण डॉक्टर आत आली.

"ताई, पाहिलात का शेवट? मी तर रडलेच."

"रडलात? मला तर कुणाचा तरी गळा धरावासा वाटला! पुस्तक न वाचता मालिका काढतात मेले!"

"पण पुस्तकात असंच आहे की. ती किल्ली देते आणि जाते. मी कॉलेजात असताना वाचलंय."

"तुम्ही वाचलं ते दुसरं काहीतरी असेल. तो परत येतो. जेवायला मागतो. माझं पाठ आहे सगळं, शब्दन् शब्द!"

"नाही हो ताई, येत नाही तो."

"उद्या पुस्तकच आणून तुमच्या टेबलावर आपटते, मग बोला!"

"बाई," यंत्रापुढून कसाबसा आवाज आला, "आता घेऊ का श्वास?" गृहस्थ तोवर जांभळे पडले होते.

दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ताईंनी वाहिनीला लांबलचक तक्रार धाडली. सुरुवातच अशी होती: "मूळ पुस्तक उघडूनही न बघणाऱ्या मंडळींना." खरं सांगायचं तर ताईंनीही ते कधी उघडलं नव्हतं. पाठ असलेलं पुस्तक कोण उघडतं? शिवाय ते हिरवं कापड दिसलं तरी त्यांना रडू यायचं, म्हणून ते बाबांच्या कपाटावरच पडून होतं.

पाच वाजता त्या थेट बाबांच्या खोलीवर गेल्या. बाबा खिडकीपाशी बसून कुणाची तरी सुटी झालेली वही शिवत होते. खोलीत खळीचा वास होता.

"ते पुस्तक कुठंय, बाबा? हिरवं?"

बाबांचा हात थांबला. "कशाला हवंय? राहू दे. वाळवी लागली असेल."

ताईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या, पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं. कोरं होतं. त्याच्या आधीचंही कोरं. उलटत गेल्या, मोजत गेल्या. सोळा पानं, एकावरही अक्षर नाही.

"हे काय आहे?"

"शेवटचा फर्मा," बाबा म्हणाले. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्यांनी बनतं, त्या एका जुडीला फर्मा म्हणतात, हे बाइंडरच्या लेकीला सांगायला नको होतं. "रद्दीतच गळाला होता. जाडी कमी पडली तर पुठ्ठा नीट बसत नाही, म्हणून कोरा घालून शिवला."

"मग तुम्ही वाचत काय होतात? मी बघत होते ना! पानं उलटत होतात तुम्ही!"

"ग्रंथालयातली दुसरी प्रत आधी बघून आलो होतो. त्यात तो येत नाही." बाबांनी सुई वहीत खोचून ठेवली. "आणि तुझी आई रोज विचारायची, येतो का हो तो शेवटी? काय सांगणार होतो मी तिला?"

ताई स्टुलावरून उतरल्या. "तिला कळलं नाही?"

"दुसऱ्या दिवशी म्हणाली, शेवट परत वाचा. वाचला. तर म्हणते, काल त्याच्या हातात पिशवी होती, आज ट्रंक कशी?" बाबा वहीकडेच बघत होते. "माझी बोबडीच वळली. मग तीच म्हणाली, पिशवीच असू द्या."

ताईंना हुंदका आला, पण त्याआधी संताप आला. "चाळीस वर्षं, बाबा! मला तरी सांगायचं! त्या पोरीशी भांडले मी आज, तक्रार पाठवून बसले! खोट्यासाठी!"

दार धाडकन लावून ताई घरी आल्या. भांडी आदळली, नवऱ्यावर डाफरल्या, तरी ताटं मात्र रोजच्यासारखी तीन मांडली.

साडेसात झाले. पावणेआठ झाले. ताईंनी जाऊन दार उघडलं, तर बाबा बाहेरच उभे. बेल वाजवलीच नव्हती. हातात टोपी, नजर पायांकडे. रोजचा प्रश्न काही तोंडातून निघेना.

"विचारा ना आता!" ताई खेकसल्या. "किती वेळ दार धरून उभी राहू मी?"

बाबांनी मान वर केली. "जेवायला... काही आहे का?"

"तुमच्यासाठीच ठेवलंय," ताई म्हणाल्या. त्यांचा राग अजून गेला नव्हता.